रक्तपेशींची वाढ, परळ आणि खारघर

निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेत रोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी तयार होतात आणि जवळपास तितक्याच जुन्या पेशी मोडीत निघतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांची भर वेगळी. हा सगळा व्याप थोड्याशा मूलपेशींपासून सुरू होतो. कोणत्या पेशीने केव्हा विभागायचे, पुढे तिने कोणते रूप घ्यायचे आणि केव्हा मरायचे, यावर वृद्धिघटक नावाच्या प्रथिनांचा अंमल असतो. ही प्रथिने पेशीच्या आत शिरत नाहीत. पेशीपटलात रुतून बसलेली ग्राही प्रथिने त्यांना बाहेरच्या बाजूने पकडतात आणि आतल्या बाजूने पुढची हालचाल सुरू करतात.

एरिथ्रोपोएटिन हा त्यातला सर्वांत परिचित घटक. रक्तातला प्राणवायू कमी झाला की मूत्रपिंड तो स्रवते आणि मज्जेतल्या तांबड्या पेशींच्या पूर्वजपेशी त्याच्यामुळे तग धरतात. पांढऱ्या पेशींसाठी जी-सीएसएफ, प्लेटलेटसाठी थ्रॉम्बोपोएटिन, अगदी आरंभीच्या मूलपेशींसाठी एससीएफ आणि एफएलटी-३ चा जोडीदार घटक, अशी त्यांची वाटणी आहे. ग्राहींचेही ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. किट, एफएलटी-३ आणि पीडीजीएफचा ग्राही यांच्या आतल्या भागातच टायरोसिन कायनेज हे विकर असते. एरिथ्रोपोएटिन, थ्रॉम्बोपोएटिन किंवा जी-सीएसएफ यांच्या ग्राहींना स्वतःचे विकर नसते. ते जॅक नावाची विकरे शेपटीशी बाळगतात. पुढची रीत मात्र दोघांची एकच. घटक चिकटला की दोन ग्राही जवळ येऊन जोडी जमते, जोडीतली विकरे एकमेकांना फॉस्फेट चढवतात, आणि त्या फॉस्फेटवर येऊन बसणारी प्रथिने निरोप केंद्रकापर्यंत नेतात. स्टॅट, रास आणि पीआय-३ कायनेज या त्यातल्या तीन मोठ्या वाटा.

निरोप पोचवण्याइतकेच तो थांबवणेही महत्त्वाचे असते. फॉस्फेट काढून टाकणारी विकरे कायम हजर असतात, आणि वापरलेला ग्राही पेशी आत ओढून नष्ट करते. कर्करोगात बहुधा हीच बाजू कोलमडते. जनुकात बदल होऊन ग्राहीचा आकारच असा होतो की घटक नसतानाही तो चालू राहतो, किंवा आतले विकर दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला जोडले जाऊन कायमचे जागे राहते. शरीराने न मागितलेल्या पेशी मग बनतच राहतात.

या ज्ञानाची सुरुवात कोंबड्यांपासून झाली. १९०८ साली कोपनहेगनमध्ये एलरमान आणि बांग यांनी कोंबडीचा ल्युकेमिया गाळलेल्या, पेशीविरहित अर्कातून दुसऱ्या कोंबडीला होतो हे दाखवले. त्या काळी ल्युकेमियाची गणना कर्करोगांत होतच नसल्यामुळे या कामाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. त्या अर्कातल्या विषाणूच्याच घराण्यातल्या, तांबड्या पेशींचा रोग घडवणाऱ्या एका विषाणूतले जनुक पुढे पाऊण शतकाने, १९८४ मध्ये, ओळखू आले. ते होते वाढीच्या एका ग्राहीचे, म्हणजे ईजीएफआरचे, बाहेरचा बराचसा भाग तुटलेले रूप. घटक पकडायला जागाच उरली नव्हती, पण आतले विकर शाबूत होते.

मुंबईत ल्युकेमियाचा संस्थात्मक इतिहास सुरू झाला तो एका मृत्यूमुळे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये ल्युकेमियाने वारल्या. त्या भाभा घराण्यातल्या, होमी भाभांच्या आत्या. वर्षभरात दोराबजीही गेले, पण त्याआधी त्यांनी पत्नीच्या नावाने एक न्यास उभा केला होता. त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा आजही जगभरातल्या ल्युकेमियाच्या संशोधनाला जातो. दोराबजींच्या स्वतःच्या न्यासाने परळला कर्करोगाचे रुग्णालय बांधले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल सुरू झाले. गंमत अशी की ज्या रोगामुळे ही सगळी उठाठेव झाली त्या रोगावर रुग्णालयाकडे त्या दिवशी जवळपास काहीच नव्हते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार ही तेव्हाची दोन हत्यारे. रक्तभर पसरलेल्या रोगापुढे पहिले निरुपयोगी आणि दुसरे थोड्या दिवसांचा दिलासा देणारे.

प्रयोगशाळेची बाजू वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. लंडनमध्ये विकृतिशास्त्र शिकून आलेले खानोलकर ग्रँट आणि सेठ जी. एस. या दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवून टाटा रुग्णालयात आले. १९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघाले तेव्हा तेच त्याचे पहिले संचालक झाले. त्यांचे स्वतःचे लक्ष तोंडाचा कर्करोग आणि कुष्ठरोग यांकडे अधिक होते; रक्ताच्या रोगांना त्यांच्या लेखनात कमी जागा मिळाली. पण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कमल रणदिवे यांनी आणलेले तंत्र रक्तपेशींच्या अभ्यासाला पायाभूत ठरले.

रणदिवे मूळच्या पुण्याच्या समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. पुढे हेला पेशी काचेच्या नळीत जगवणारे ते हेच गाय. परतल्यावर रणदिवे यांनी परळच्या केंद्रात भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा थाटली आणि ल्युकेमिया, स्तनाचा कर्करोग, अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या अभ्यासासाठी प्राण्यांमधले नमुने तयार केले.

शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या या कामाचा वृद्धिघटकांशी थेट संबंध आहे. क्षार, साखर आणि अमिनो आम्ले घातलेल्या द्रावात पेशी जिवंत राहिल्या तरी वाढत नाहीत. त्यात प्राण्याचा रक्तद्रव म्हणजे सीरम घालावे लागते. सीरममध्ये असे काय असते, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक संवर्धन प्रयोगशाळेला पडलेला होता. १९७४ मध्ये त्याचे एक उत्तर मिळाले. रक्त गोठताना प्लेटलेट एक घटक सोडतात आणि पेशी वाढतात त्या त्याच्यामुळे. पीडीजीएफ हे त्याचे नाव. मज्जेच्या पेशींबाबतचे उत्तर थोडे आधीच आले होते. मेलबर्नमध्ये ब्रॅडली आणि डोनाल्ड मेटकाफ, तर इस्राएलमध्ये प्लुझनिक आणि लिओ साक्स यांनी १९६५-६६ च्या सुमारास अर्धघट्ट अगारमध्ये मज्जेच्या पेशी पेरून त्यांचे ठिपक्यांएवढे पुंजके वाढवले. मात्र शेजारी इतर पेशी ठेवल्या तरच पुंजके उगवत. त्या शेजारच्या पेशींतून जे झिरपत होते ते शुद्ध करायला पुढची वीस वर्षे गेली.

एरिथ्रोपोएटिनची कथाही अशीच चिकाटीची आहे. शिकागोच्या यूजीन गोल्डवासर यांना १९७७ मध्ये तो शुद्ध रूपात मिळाला, त्यासाठी जपानमधल्या रुग्णांचे अडीच हजार लिटरांहून अधिक मूत्र आटवावे लागले. हाती आले ते काही मिलिग्रॅम. जनुक वेगळे काढून ते प्रथिन पेशींकडून करवून घेण्याचे तंत्र १९८० च्या दशकात आले नसते, तर यांतला एकही घटक औषध म्हणून दवाखान्यात पोचला नसता. जी-सीएसएफला अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळाली. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी कोसळलेल्या रुग्णाला दिली जाणारी ही पोटावरची सुई आज महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावीही मिळते.

परळला दरम्यान रुग्णसेवेची बाजू बदलत होती. १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी तिथे भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीवरून काम करणारे अडवाणी अमेरिकेत सिअ‍ॅटलला हे तंत्र शिकून आले होते. प्रत्यारोपणात रोगी मज्जा औषधांनी नष्ट करून दात्याच्या मूलपेशी शिरेतून सोडतात. त्या आपल्या जागी जाऊन रुजतात आणि पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी रक्तातल्या पेशींचे आकडे चढू लागतात. हे चढणे सर्वस्वी वर सांगितलेल्या घटकांवर आणि ग्राहींवर अवलंबून असते.

अडवाणी यांचे रुग्ण आणि शेजारच्या संस्थेतले पेशीशास्त्रज्ञ यांच्या सहकार्यातून १९९० च्या दशकात एक नेटके काम झाले. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे सीएमएलच्या, रुग्णांतल्या ग्रॅन्युलोसाइट पेशी बाहेरच्या रासायनिक इशाऱ्यांना कसा प्रतिसाद देतात हे त्यात तपासले गेले. काही इशाऱ्यांना या पेशी निरोगी पेशींप्रमाणे हलत नाहीत, असे आढळले. जगाचे लक्ष तेव्हा पेशींच्या विभाजनावर खिळले होते. परळच्या गटाने त्यांच्या चालण्याकडे पाहिले.

सीएमएल हा या इतिहासातला मध्यवर्ती रोग आहे आणि त्याची खूण काचपट्टीवरच पटते. निरोगी रक्ताचा थेंब पसरून लिशमन रंगाने रंगवला तर तांबड्या पेशींच्या पसाऱ्यात अधूनमधून एखादी पांढरी पेशी दिसते. सीएमएलच्या स्लाइडवर जांभळ्या केंद्रकांची दाटी असते, आणि मायलोसाइट, मेटामायलोसाइट अशा मज्जेतच असायला हव्या त्या अर्धवट पिकलेल्या पेशी रक्तात उतरलेल्या असतात. एका मायक्रोलिटरला चार ते अकरा हजार हे पांढऱ्या पेशींचे नेहमीचे प्रमाण लाखावर गेलेले असते. पाणथरी वाढून कधी बेंबीपर्यंत येते. रुग्ण येतो तो बहुधा डावीकडच्या जडपणाची आणि थकव्याची तक्रार घेऊन. पाश्चात्त्य देशांत हा साठीच्या आसपासचा रोग. भारतात तो सरासरी चाळिशीच्या आतबाहेर गाठतो, म्हणजे घर चालवणाऱ्या माणसालाच.

कारण १९६० मध्ये फिलाडेल्फियात सापडले, ते एका आखूड गुणसूत्राच्या रूपाने. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले की गुणसूत्र ९ आणि २२ यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन जन्मते. काटेकोर बोलायचे तर ते ग्राही नव्हे. ते पेशीच्या आत राहणारे टायरोसिन कायनेज आहे. पण वृद्धिघटकाने ग्राही जागा झाल्यावर ज्या वाटा खुल्या होतात त्याच वाटा ते ग्राहीला वळसा घालून सतत खुल्या ठेवते. त्याच्या विकराच्या खाचेत बसेल असा रेणू घडवला गेला, तो इमॅटिनिब. ब्रायन ड्रुकर यांच्या चाचणीत, इंटरफेरॉन या आधीच्या औषधाचा उपयोग न झालेल्या आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त नेहमीच्या पातळीवर आले. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. हाच रेणू किट आणि पीडीजीएफचा ग्राही या खऱ्याखुऱ्या ग्राहींनाही अडवतो, त्यामुळे जठरातल्या एका दुर्मीळ गाठीवर आणि इओसिनोफिल वाढवणाऱ्या एका रक्तरोगावरही तो चालतो.

मुंबईचा वाटा इथे प्रयोगशाळेपेक्षा कचेऱ्यांत आणि कोर्टात दिसतो. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेकचा, म्हणजे इमॅटिनिबच्याच गोळीचा, भारतातला खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, आणि गोळी आयुष्यभर घ्यायची. कंपनीचा मोफत औषधाचा कार्यक्रम होता आणि मॅक्स फाउंडेशनमार्फत हजारो रुग्णांना त्याचा लाभ मिळालाही. भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत येत होती. नोव्हेंबर २००३ मध्ये नोव्हार्टिसला विक्रीचा एकाधिकार मिळाला तेव्हा ती स्वस्त गोळी बंद पडण्याची वेळ आली. मद्रास उच्च न्यायालयाने भारतीय उत्पादकांना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र वेगळ्या एका दाव्यात तशी मनाई द्यायला नकार दिला.

नोव्हार्टिसच्या पेटंटच्या अर्जाविरुद्ध चेन्नईच्या पेटंट कार्यालयात हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. वाय. के. सप्रू यांनी १९६९ मध्ये काढलेली ही संस्था तोवर रुग्णांना औषधे, अन्न आणि कामधंदा मिळवून देण्यासाठी ओळखली जाई. जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला, प्रकरण अपिलात फिरले आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचे म्हणणे अमान्य केले. निकाल दिला न्या. आफताब आलम आणि मूळच्या मुंबईच्या न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने. मुद्दा बारीक होता. इमॅटिनिबचा रेणू जुना. अर्ज होता त्याच्या बीटा स्फटिकरूपासाठी. पेटंट कायद्याच्या कलम ३(डी) नुसार माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाला पेटंट हवे तर परिणामकारकता वाढलेली दाखवावी लागते. न्यायालयाने परिणामकारकता म्हणजे रोगावरचा परिणाम असा अर्थ लावला. शरीरात ३० टक्के अधिक शोषले जाणे एवढ्याने तो सिद्ध होत नाही, असे ठरले. रक्तपेशींतल्या एका विकराच्या खाचेत बसणारा रेणू स्फटिक कसा होतो यावर इतका खल अन्य कुठल्या कोर्टात क्वचितच झाला असेल. मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात या निकालाची जागा प्रत्यारोपणाच्या शेजारी असायला हवी.

संशोधनाची बाजू तोवर खाडीपलीकडे गेली होती. कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये परळहून खारघरच्या साठ एकरांच्या आवारात हलली आणि अ‍ॅक्ट्रेक या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विभागही तिकडे गेला.       विदर्भ-मराठवाड्यातून किंवा बिहारमधून येणारे रुग्ण मात्र अजून परळच्या रुग्णालयाबाहेर, डॉ. अर्नेस्ट बोर्जेस रस्त्याच्या फुटपाथवर फायली उशाशी घेऊन झोपतात, किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळवतात.

खारघरच्या रक्तविकृती प्रयोगशाळेत आता रोगाचे निदान करताना ग्राहीचा बिघाडही पाहिला जातो. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात एफएलटी-३ जनुकाचा एक तुकडा स्वतःच्याच शेजारी पुन्हा छापला गेलेला असतो. जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये टिपलेला हा दोष सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत आढळतो. त्यामुळे ग्राहीचा आतला अडसर निखळतो आणि घटकाविना तो चालू राहतो. अशा रुग्णांसाठी मिडोस्टॉरिन हे औषध २०१७ मध्ये आले. उपचारानंतर लाखांत किती रोगपेशी उरल्या हे तिथे फ्लो सायटोमेट्रीने मोजतात, जनुकांच्या वाचनातूनही शोधतात, आणि प्रत्यारोपण करायचे की नाही हे त्या आकड्यावर बेतते. जॅक-२ मधला एकाच अमिनो आम्लाचा बदल २००५ मध्ये सापडला; तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याच्या आजारात तो बहुतेक सर्वांना असतो.

रक्ताबाहेरच्या कर्करोगांतही तेच ग्राही भेटतात. कोंबडीच्या विषाणूत तुटक्या रूपात सापडलेला ईजीएफआर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत, विशेषतः धूम्रपान न करणाऱ्यांत, बिघडलेला असतो. गेफिटिनिबची गोळी त्याला अडवते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ३५० रुग्णांवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळीला केमोथेरपीची जोड दिल्यावर रोग काबूत राहण्याचा मध्यकाल ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. ही दोन्ही औषधे जुनी आणि स्वस्त होती. महागडी नवी गोळी ज्यांना परवडत नाही अशा देशांनी या निष्कर्षाची दखल घेतली यात नवल नाही.

अलीकडचा टप्पा ग्राही अडवण्याचा नसून बनवण्याचा आहे. पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने तयार केलेली नेक्सकार-१९ ही उपचारपद्धत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसह तपासली गेली. तिची पहिली मात्रा जून २०२१ मध्ये खारघरला दिली गेली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढून त्यांत विषाणूच्या वाहकाने एक कृत्रिम ग्राही बसवतात. त्याचे बाहेरचे टोक बी-पेशींवरच्या सीडी-१९ ला चिकटते आणि आतले टोक टी-पेशीला मारण्याचा आणि वाढण्याचा इशारा देते. अशा पेशी वृद्धिघटकांच्या साहाय्याने वाढवून पुन्हा शिरेतून सोडल्या जातात. अमेरिकेत तीन-चार कोटी रुपयांना पडणारा हा उपचार इथे सुमारे चाळीस लाखांत उपलब्ध झाला. सामान्य घराला तोही डोईजडच.

सोडलेल्या पेशी कर्करोगपेशींवर तुटून पडल्या की रक्तात आयएल-६ सारख्या संदेशप्रथिनांचा पूर येतो. ताप १०३-१०४ अंशांवर जातो, रक्तदाब उतरतो, काहींना अतिदक्षता विभागात हलवावे लागते. त्यावरचे औषध टोसिलिझुमॅब, मुळात संधिवातासाठी केलेले प्रतिपिंड. ते आयएल-६ च्या ग्राहीवर जाऊन बसते, त्यामुळे त्या प्रथिनाला चिकटायला जागा उरत नाही. पुष्कळदा काही तासांतच ताप उतरू लागतो, आणि टी-पेशींचे काम सहसा चालूच राहते.